ताकदीचं बिल कोण भरणार?

मोठी बाइक घ्यायचा विचार आहे? मग शोरूममध्ये शिरण्याआधी सोइचिरो होंडा या माणसाचं आयुष्य एकदा वाचून घ्या. त्याचं नाव तुम्ही रोज रस्त्यावर वाचता, गोष्ट मात्र क्वचित ऐकली असेल.

पावसाळ्यातला रविवार आहे असं समजा. तुम्ही लोणावळ्यात पोचलात, भुशी धरणाची गर्दी टाळलीत आणि आयएनएस शिवाजीच्या बाजूने कुरवंडे गावाकडे निघालात. नागफणीला या गावातून जाता येतं. धुकं इतकं की पुढच्या गाडीचा टेललाइट तेवढा दिसतो. गाड्यांची रांग लागलेली, पहिला गिअर, अर्धा दाबलेला क्लच. अशात मित्राच्या नव्याकोऱ्या बाइकचा रेडिएटरचा पंखा घरघरायला लागतो आणि पायाला गरम झळ बसते. तेवढ्यात शेजारून कुणीतरी दुधाचे कॅन लावलेली जुनी स्प्लेंडर शांतपणे पुढे काढून निघून जातो.

तिप्पट ताकदीची गाडी इथे घामाघूम आणि आठ हॉर्सपॉवरची मजेत, हे कसं काय?

खरं तर हा परिसर हा धडा फार आधी शिकलाय. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान आपली मोठी फौज आणि सगळा लवाजमा घेऊन याच कुरवंडे घाटाने कोकणात उतरायला निघाला होता. खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी त्याला गाठलं. वाट अरुंद, फौज मोठी. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. ताकद कमी नव्हती. ती जिथे वापरायची होती, तिथे तिचंच ओझं झालं.

बाइकच्या बाबतीतही गणित असंच असतं. प्रत्येक जादा हॉर्सपॉवर काहीतरी मागते: जादा उष्णता, जादा वजन, जादा पार्ट, जादा देखभाल. हे बिल कुणीतरी भरतंच. एक तर डिझायनर कारखान्यात डोकं लावून भरतो, नाहीतर तुम्ही गॅरेजमध्ये पैसे मोजून भरता. सोइचिरो होंडाचं सगळं आयुष्य या एका हिशेबाभोवती फिरलं. आणि तो एकदा असा अडकला की त्याची कंपनीच पणाला लागली.

लोहाराचा पोरगा

१७ नोव्हेंबर १९०६. जपानमधल्या हामामात्सु शहराजवळच्या एका खेड्यात सोइचिरोचा जन्म झाला. वडील गिहेई लोहारकाम करायचे, पुढे त्यांनी सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं. म्हणजे घरात सकाळ-संध्याकाळ काय, तर मोडलेली वस्तू येणार आणि दुरुस्त होऊन जाणार. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे जगभर कारखाने काढणारा हा माणूस इंजिनाकडे आधी दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने बघायला शिकला.

अभ्यासात त्याला फारसा रस नव्हता. गावात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा तो तिच्यामागे धावत सुटला आणि रस्त्यावर सांडलेल्या ऑइलचा वास घेत बसला. १९१७ मध्ये हामामात्सुला विमानाच्या कसरती होत्या, तर हा पठ्ठ्या वडिलांची मोठी सायकल दामटत तिथे पोचला.

१९२२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो टोकियोच्या आर्ट शोकाई या गॅरेजमध्ये कामाला लागला. सुरुवातीला हातात पाना आलाच नाही. मालकाचं मूल सांभाळायचं आणि झाडलोट करायची, हे काम. पण थांबला. हळूहळू हात बसला. १९२४ मध्ये गॅरेजच्या रेसिंग कारवर तो सोबतचा मेकॅनिक म्हणून बसला आणि त्या गाडीने शर्यत जिंकली. १९२८ मध्ये मालकाने त्याला हामामात्सुला शाखा काढून दिली. वय होतं २१. तुमच्यातले कितीतरी जण या वयात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतात.

पन्नासातल्या तीन

गॅरेज छान चाललं होतं, पण सोइचिरोला नुसती दुरुस्ती पुरेना. त्याला पार्ट बनवायचे होते आणि त्याने पिस्टन रिंग निवडली. दिसायला साधी, बांगडीसारखी. पण इंजिनातला सगळ्यात छळला जाणारा पार्ट हाच. एका मिनिटात हजारो वेळा खाली-वर, तेही आगीच्या शेजारी. रिंग फार कडक झाली तर सिलिंडर खरवडते, फार मऊ झाली तर स्वतः झिजते. मधला मार्ग सापडला तरच इंजिन टिकतं.

त्याच्या रिंगा टिकेनात. कारण त्याला कळेना. शेवटी तिशी ओलांडलेला हा मालक हामामात्सुच्या तांत्रिक शाळेत पोरांच्या शेजारी जाऊन बसला. तेव्हा कळलं, की त्याच्या धातूत सिलिकॉन कमी पडत होतं. पुढे टोयोटाकडे तपासणीला ५० रिंगा दिल्या, त्यातल्या फक्त ३ पास झाल्या. परीक्षा मात्र त्याने दिल्या नाहीत, त्यामुळे डिप्लोमा काही मिळाला नाही. लेक्चर बंक करणाऱ्यांनी लगेच खूश होऊ नका. तो वर्गात बसला ते स्वतःच्या कारखान्याचा प्रश्न घेऊन, आणि उत्तर मिळेपर्यंत उठला नाही.

मग महायुद्ध आलं. बॉम्बहल्ल्यांनी आणि १९४५ च्या भूकंपाने कारखान्याची वाट लावली. उरलंसुरलं त्याने टोयोटाला विकलं आणि पुढचं वर्षभर काहीच केलं नाही. १९४६ मध्ये हामामात्सुमध्येच एक लहानशी कार्यशाळा काढली. लष्कराच्या वायरलेस सेटचे जनरेटर चालवणारी छोटी टू-स्ट्रोक इंजिनं युद्धानंतर पडून होती. त्याने ती सायकलला जोडली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून काय लावलं, तर अंथरूण गरम करायला वापरतात ती गरम पाण्याची बाटली! बायको साची ती सायकल चालवून बघायची. २४ सप्टेंबर १९४८ रोजी होंडा मोटर कंपनी उभी राहिली. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा आला. याने इंजिन बघायचं, त्याने पैसे आणि विक्री बघायची, अशी वाटणी ठरली. या फुजिसावाला विसरू नका, तो पुढे महत्त्वाच्या वेळी परत येणार आहे.

हाकोनेचा घाट

कंपनीची पहिली खरीखुरी मोटारसायकल, १९४९ ची ड्रीम डी, टू-स्ट्रोक होती. टू-स्ट्रोक म्हणजे काय ते आरएक्स हंड्रेडच्या प्रेमात असलेल्यांना सांगायला नको. व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, पार्ट कमी, वजन कमी, पिकअप जबरदस्त. पण ऑइल पेट्रोलबरोबर जळतं, धूर होतो आणि इंधन जास्त लागतं. फोर-स्ट्रोकमध्ये उलटं. पार्ट वाढतात, बनवायला अवघड, पण रोज चालवणाऱ्याचा खर्च कमी होतो. होंडाने दुसरा रस्ता धरला. कारखान्याचं काम वाढवलं, गिऱ्हाइकाचं कमी केलं.

१९५१ ची ड्रीम ई तयार झाली: १४६ सीसी, साडेपाच हॉर्सपॉवर. तिची परीक्षा घ्यायला त्यांनी हाकोनेचा घाट निवडला. त्या काळच्या जपानी बाइकना या घाटात थांबून थांबून इंजिन गार करावं लागायचं. जुलैचा महिना, वादळी पाऊस. तरुण इंजिनिअर कियोशी कावाशिमा बाइकवर, मागे मोटारीत होंडा आणि फुजिसावा. कावाशिमा न थांबता माथ्यावर पोचला, मोटार मागेच राहिली.

आपल्याकडे बाइकची खरी ओळख बोरघाटात नाहीतर कुरवंड्याच्या चढावर होते, एक्स्प्रेसवेवर नाही. एक्स्प्रेसवेवर तर बाइकला परवानगीच नाही म्हणा! सपाट रस्त्यावर कोणतंही इंजिन शहाणं वाटतं. चढावर, कमी वेगात, पावसात त्याच्या डिझायनरने काय विचार केला होता ते उघडं पडतं.

साडेचार हॉर्सपॉवरचा चमत्कार

ऑगस्ट १९५८ मध्ये सुपर कब आली. ४९ सीसी, साडेचार हॉर्सपॉवर. बघायला साधी, पण तिचा प्रत्येक निर्णय तपासून बघा. क्लचचा दांडाच नाही, कारण नूडल्सची थाळी एका हातात धरणाऱ्या पोऱ्याला दुसऱ्या हाताने गाडी चालवता आली पाहिजे. पायापुढे प्लॅस्टिकचं कवच, म्हणजे चिखल अंगावर उडत नाही. चाकं मोठी, कारण रस्ते खराब. इंजिन फोर-स्ट्रोक, कारण चालवणारा गरीब.

या गाडीचं बिल जवळजवळ सगळं होंडाने कारखान्यात भरलं. लोकांनी ते ओळखलं. २०१७ पर्यंत या घराण्याच्या १० कोटी गाड्या बनल्या होत्या. जगातलं दुसरं कोणतंही मोटार-वाहन एवढ्या संख्येने बनलेलं नाही.

मात्र एका देशासाठी केलेला हिशेब दुसऱ्या देशात चुकतो, हेही लगेच कळलं. १९५९ मध्ये कंपनी अमेरिकेत गेली. तिथे लोक लांबच लांब हायवेवर तासन्‌तास फुल थ्रॉटल मारायचे. जपानच्या रस्त्यांसाठी बनवलेल्या मोठ्या होंडांची ऑइलं गळायला लागली, क्लच जायला लागले. बिघडलेल्या गाड्या जपानला परत मागवल्या, उघडल्या, हेड गॅस्केट आणि क्लचच्या स्प्रिंगा नव्याने डिझाइन केल्या. गिऱ्हाइकाने गाडी चुकीची चालवली म्हणून हात झटकता आले असते. गिऱ्हाइक जशी चालवतो तशी ती टिकली पाहिजे, हे त्यांनी स्वीकारलं.

अठरा हजार आरपीएम

एकीकडे सुपर कब बनवणारा हाच माणूस दुसरीकडे शर्यतीसाठी वेडा होता. १९३६ मध्ये टोकियोजवळच्या तामागावाच्या ट्रॅकवर स्वतः गाडी चालवताना त्याचा भीषण अपघात झाला होता, तरी वेड गेलं नाही. १९५४ मध्ये त्याने जाहीर केलं, की आपण आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत उतरणार. त्याच वर्षी तिथे जाऊन पाहिलं, तर युरोपच्या बाइकची ताकद आपल्या तिप्पट! १९५९ मध्ये होंडाचा पहिला संघ तिथे उतरला आणि १२५ सीसीत सहावा क्रमांक मिळाला. १९६१ मध्ये माइक हेलवुडने होंडावर १२५ आणि २५० या दोन्ही गटांच्या टीटी जिंकल्या. १९६६ मध्ये ५० ते ५०० सीसीपर्यंतच्या पाचही गटांची निर्मात्यांची विजेतेपदं होंडाकडे होती.

त्यातली आरसी १६६ म्हणजे कहर. फक्त २५० सीसीत सहा सिलिंडर, २४ व्हॉल्व्ह, १८,००० आरपीएम आणि सुमारे ६० हॉर्सपॉवर.

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. हॉर्सपॉवरला इंजिनाच्या लिटरने भागा. आरसी १६६ चं उत्तर येतं २४०. सुपर कबचं येतं साधारण ९२. रोज रस्त्यावर चालणारी गाडी आणि शर्यतीची गाडी यांच्यातलं अंतर या दोन आकड्यांत आहे. २४० वालं इंजिन शर्यत झाली की उघडायचं, बघायचं, झिजलेले पार्ट बदलायचे, त्यासाठी पगारी मेकॅनिकांची फौज हवी. ९२ वाल्यासाठी कोपऱ्यावरचा एक माणूस पुरतो.

चार सिलिंडरची राणी

ऑक्टोबर १९६८ च्या टोकियो शोमध्ये सीबी ७५० आली आणि मोटारसायकलचं जगच बदललं. ७३६ सीसी, चार सिलिंडर, ६७ हॉर्सपॉवर, सेल्फ स्टार्ट आणि पुढे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. इतक्या मोठ्या संख्येने विकलेल्या बाइकवर डिस्क ब्रेक याआधी नव्हता. अमेरिकेत किंमत १,४९५ डॉलर. कंपनीने वर्षाला १,५०० विकल्या जातील असा अंदाज बांधला होता. लवकरच तो महिन्याचा आकडा झाला.

पुन्हा भागाकार करा: ६७ भागिले ०.७३६. उत्तर ९१. म्हणजे जगाला हादरवणारी ही सुपरबाइक लिटरमागे सुपर कबइतकीच ताणलेली होती! शर्यतीतलं ज्ञान होंडाने वापरलं, पण शर्यतीचा ताण गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला नाही. ताकद आणली ती इंजिन मोठं करून. क्रँककेस आडवं दुभागलं, म्हणजे सांधा ऑइलच्या वर राहतो आणि तेव्हाच्या ब्रिटिश बाइकसारखं गॅरेजच्या फरशीवर ऑइल सांडत नाही.

बिल तरीही आलंच. चार कार्बोरेटर म्हणजे चारही एका सुरात लावत बसायचं. टॅपेट चारऐवजी आठ. वजन २०० किलोच्या पुढे. एवढी ताकद एका चेनवर आली, तेव्हा सुरुवातीच्या काही गाड्यांची चेन तुटून क्रँककेस फुटल्याचे प्रकार झाले आणि सुधारणा कराव्या लागल्या. तेव्हाच्या स्टेनलेस डिस्क पावसात उशिरा पकडायच्या, हेही खरं.

हवा की पाणी?

आता त्याच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड भाग.

इंजिन गार ठेवायचे दोन मार्ग. पहिला, सिलिंडरला फिन्स द्यायच्या आणि वाऱ्यावर सोडायचं. पार्ट नाहीत, गळती नाही, देखभाल शून्य. दुसरा, इंजिनाभोवती पाणी खेळवायचं आणि ते रेडिएटरमध्ये गार करायचं. त्यासाठी पंप, होज, थर्मोस्टॅट, पंखा, कूलंट. होंडाचा तर्क बिनतोड वाटायचा: पाणीसुद्धा शेवटी हवेनेच गार होतं, मग मधे हा दलाल कशाला? दुरुस्तीच्या दुकानात वाढलेल्या माणसाला कमी पार्ट आवडणार, यात नवल नाही.

पण ताकद वाढली की हवेचं चालेनासं होतं. वाऱ्याचा भरवसा नसतो. गाडी पळते तेव्हा भरपूर, रांगेत अडकली की नाही. इंजिन कधी गार, कधी तापलेलं, म्हणून पिस्टन आणि सिलिंडरमधली फट थोडी सैल ठेवावी लागते. पाणी तापमान एका पट्ट्यात धरून ठेवतं. मग फट कमी करता येते, कॉम्प्रेशन वाढवता येतं, धुरावर ताबा ठेवता येतो. शिवाय १९७० च्या सुमारास अमेरिकेत प्रदूषणाचा कडक कायदा येत होता.

होंडा ऐकेना. त्याने एअर-कूल्ड फॉर्म्युला वन कार बनवायला लावली, आरए ३०२. जॉन सर्टीज या विश्वविजेत्या ड्रायव्हरने ती चालवून पाहिली आणि गाडी तयार नाही म्हणून शर्यतीत न्यायला नकार दिला. तरी ७ जुलै १९६८ रोजी फ्रान्समधल्या रुआँच्या शर्यतीत जो श्लेसर तिच्यावर बसला. पाऊस होता. तिसऱ्या फेरीत गाडी घसरून बांधावर आदळली. टाकी पेट्रोलने भरलेली, बॉडी मॅग्नेशियमची. श्लेसर जळून गेला. अपघाताचं सगळं खापर हवेवर चालणाऱ्या कूलिंगवर फोडता येणार नाही. पण तयार नसलेली गाडी मैदानात गेली होती आणि तिचं बिल एका माणसाने जिवाने भरलं. त्या मोसमाअखेर होंडाने फॉर्म्युला वन सोडलं.

हट्ट तरी सुटला नाही. १९६९ मध्ये होंडा १३०० ही एअर-कूल्ड कार आली. १०० हॉर्सपॉवर, पण हवेने गार करण्यासाठी इतक्या करामती कराव्या लागल्या, की गाडी जड झाली, महाग झाली आणि चालली नाही. साधेपणाच्या हट्टापायी इंजिन गुंतागुंतीचं झालं. आतले तरुण इंजिनिअर वैतागले होते. त्यात तादाशी कुमे होता, जो पुढे कंपनीचा तिसरा अध्यक्ष झाला. साहेबांपुढे बोलायचं कुणी? सोइचिरो रागीट होता. चिडला की हत्यारं फेकायचा, वेळप्रसंगी हात उचलायचा. हे काही मिरवण्यासारखं नाही. याच भीतीमुळे खरं बोलायला उशीर झाला.

शेवटी फुजिसावा मधे पडला. त्याने होंडाला एकच विचारलं, की तुला या कंपनीत अध्यक्ष म्हणून राहायचंय की इंजिनिअर म्हणून. अध्यक्षाने तरुणांचं ऐकायला हवं होतं. होंडाने थोडा वेळ घेतला आणि अध्यक्ष म्हणून राहायचं ठरवलं. पाण्याला परवानगी मिळाली. त्यातून १९७२ मध्ये सिव्हिक आली आणि तिचं सीव्हीसीसी इंजिन अमेरिकेच्या नव्या प्रदूषण कायद्यात बसणाऱ्या पहिल्या इंजिनांत गणलं गेलं. कंपनी वाचली, ती मालक हरला म्हणून.

तुमच्या बाइकला लावून बघा

तुम्ही आज ज्या बाइकवर नजर ठेवून आहात, ती याच भांडणाचं पुढचं पान आहे. स्प्लेंडर: सुमारे ९७ सीसी, ८ हॉर्सपॉवर, एअर-कूल्ड. लिटरमागे ८२ च्या आसपास. म्हणजे सुपर कबच्या पंगतीतली. आपल्या चाकणला २०१२ पासून बनलेली केटीएमची २०० ड्यूक: २५ हॉर्सपॉवर, लिक्विड-कूल्ड, लिटरमागे १२५. आणि १००० सीसीच्या आजच्या सुपरबाइक २०० हॉर्सपॉवरच्या घरात, म्हणजे लिटरमागे २००. हेलवुडच्या शर्यतीच्या बाइकपासून फार लांब नाही! फरक इतकाच, की चांगले धातू, लिक्विड कूलिंग आणि ईसीयूमुळे हे इंजिन आता वर्षानुवर्षं टिकतं. पण ते तुमच्याकडून शिस्त मागतं.

शिस्त म्हणजे काय? कूलंट ठरलेल्या मुदतीत बदलायचं, नळाचं पाणी ओतायचं नाही. पुढच्या चाकाने उडवलेला मावळचा लाल चिखल रेडिएटरच्या बारीक पात्यांत जाऊन बसतो, तो हलक्या पाण्याने काढायचा. प्रेशर गन जवळून मारली तर पाती वाकतात. पावसातून आलात की चेन धुऊन, कोरडी करून ल्यूब करायची. जुन्या बाइकचे टॅपेट कोपऱ्यावरचा मेकॅनिक पाना आणि फीलर गेज घेऊन लावून देतो. हाय-रेव्हिंग इंजिनात तिथे शिम असतात. त्या फार दिवस सेटिंग धरतात, पण तपासायच्या तर टाकी, एअरबॉक्स काढा, शिम बदलायची तर कॅमशाफ्ट उचला. काम काही तासांचं, मजुरी तशीच. मऊ रबराचे टायर कोपऱ्यावर चिकटून धरतात आणि लवकर झिजतात. दोन्ही गोष्टी एकाच रबराच्या.

म्हणून शोरूममध्ये टॉप स्पीड विचारून झालं, की हेही विचारा: व्हॉल्व्ह किती किलोमीटरला तपासायचे आणि त्याची मजुरी किती? चेनसेट आणि मागचा टायर केवढ्याला? जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे? महिन्याच्या ईएमआयशेजारी हे आकडे लिहा. बेरीज झेपत असेल तर खुशाल घ्या, मोठी बाइक चालवण्यात मजा आहेच. झेपत नसेल, तर लोक सर्वात आधी देखभालच टाळतात. आणि झिजलेला टायर, सैल चेन, संपलेले ब्रेक पॅड यांचं बिल कुठल्यातरी घाटातल्या ओल्या वळणावर एकदमच येतं.

शेवटचा दौरा

ऑक्टोबर १९७३ मध्ये सोइचिरो होंडा आणि ताकेओ फुजिसावा दोघं एकदमच निवृत्त झाले. अध्यक्षपद घरातल्या कुणाला दिलं नाही. ते गेलं ४५ वर्षांच्या कियोशी कावाशिमाकडे. तोच तो, पावसात हाकोनेचा घाट न थांबता चढलेला.

पुण्याच्या फिरोदियांबरोबरची कायनेटिक होंडा आणि लुधियानाच्या मुंजालांबरोबरची हीरो होंडा ही त्यानंतरची, १९८४ पासूनची गोष्ट. तुमच्या आई-बाबांच्या कॉलेजच्या आठवणींत त्यातली एखादी गाडी नक्की सापडेल.

निवृत्तीनंतर होंडा दौऱ्यावर निघाला. जपानभरचे कारखाने, विक्रीची दुकानं, सर्व्हिसिंगच्या शेड पालथ्या घातल्या, मग परदेशातल्या. प्रत्येक ठिकाणी काम करणाऱ्या माणसाशी हात मिळवायचा. एका मेकॅनिकचे हात ऑइलने काळे होते, तो लाजून हात पुसायला निघाला, तर होंडाने त्याला थांबवलं आणि तोच काळा हात हातात घेतला. त्याचा स्वतःचा डावा हात तरुणपणी बसलेल्या हत्यारांच्या जखमांनी भरलेला होता.

५ ऑगस्ट १९९१ रोजी तो गेला. आपल्या अंत्ययात्रेमुळे रस्त्यात ट्रॅफिक जाम होऊ नये, अशी त्याची इच्छा होती. मोटारी बनवणाऱ्याने लोकांची वाट अडवायची नसते, असं त्याला वाटायचं. कंपनीने मोठी अंत्ययात्रा काढली नाही. लोकांचे आभार मानायला एक कार्यक्रम तेवढा ठेवला.